आडवीची सोपी वाट

बेलटोल्याहून बावनथडीच्या काठाकाठानं निघून, पुढं नदी ओलांडून मध्य प्रदेशात शिरणारी जी पाऊलवाट आहे, तिच्यात खोट काढायला जागा नाही. चढ नाही, उतार नाही. काटेरी झुडूप आलं की वाट आपणहून दोन हात बाजूला सरते. मोहाचं मोठं झाड आलं की असा वळसा घेते, की तोल जाणाऱ्याच्या हाताला बुंधा आपसूक लागावा. एवढी समजूतदार वाट आखायला एखाद्या इंजिनिअरला बराच अभ्यास करावा लागला असता. ही बेलटोल्याच्या पुरुषांनी पिऊन घरी येता येता पाडली.

आणि ती पडायला कारण झाली धुरपता गजभिये, जिनं जन्मात दारूला बोट लावलं नव्हतं.

धुरपता मूळची बपेऱ्याची. जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदिया भंडाऱ्यापासून वेगळा झाला, त्याच वर्षी ती लग्न होऊन बेलटोल्यात आली. एकीकडं तोडलं, एकीकडं जोडलं. दोन्ही निर्णयांबद्दल लोक पुढं बरंच बोलले. नवरा श्रावण मजुरी करायचा, शिवाय धानाचा लहानसा तुकडा होता. माणूस वाईट नव्हता. रोवणीत त्याच्या हाताला वेग होता, बोलण्यात गोडवा होता, फक्त दिवस मावळला की पायांना स्वतःचं मत फुटायचं. बसथांब्याला लागून देशी दारूचं सरकारमान्य दुकान होतं. पाय तिकडं जायचे आणि श्रावण त्यांच्या मागून जायचा.

रविवारी विहारात पंचशील म्हटलं जाई. श्रावण पहिली चार शीलं खणखणीत म्हणायचा आणि पाचव्याला, जिथं मद्यापासून दूर राहण्याचं वचन आहे तिथं, त्याला नेमका ठसका लागायचा. धुरपतानं एकदा घरी आल्यावर विचारलं, "चार म्हनता, मंग पाचवं काहून नाई म्हनत?"

"चवथ्यात खोटं बोलनार नाई म्हनून कबूल केलं ना," श्रावण म्हणाला. "लगेच पाचवं म्हनलं तं चवथं मोडते. दोन घालवन्यापेक्षा मी एकावरच भागवतो."

ती हसली. हसू आलं याचा तिला रागही आला. तेव्हा हसण्यासारखं अजून काही शिल्लक होतं.

मुलगा जीवन शाळेत जायला लागला, त्या सुमाराला गावात मतदानाची टूम निघाली. बायकांनी मागणी केली तर दारूचं दुकान ठेवायचं की नाही यावर त्यांचं मत घ्यायचं, अशी सोय सरकारनं करून ठेवलेली आहे. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. एक बाटली उभी, एक आडवी. उभीवर शिक्का म्हणजे दुकान चालू, आडवीवर म्हणजे बंद. दुकानाला परवाना देणारं आणि दुकान मोडायला मतपेटी पुरवणारं सरकार एकच असल्यामुळं दोन्ही कामं सारख्याच नेटानं होतात.

धुरपता आणि तिची शेजारीण चंद्रकला, दोघी घरोघर फिरल्या. मागणी कशी करायची ते समजावण्यापेक्षा एवढं एकच सांगायचं होतं: आडवी. धान निंदताना आडवी, पाण्याला जाताना आडवी, मयतीला गेल्या तरी उठताना हळूच कानात, आडवी. पोरं तिला बघितलं की ओरडायला लागली. मग मोठी माणसंही तिला आडवीच म्हणू लागली आणि ते नाव चिकटलं. नवऱ्याच्या मार्गात आडवी येणारी बाई म्हणूनही ते बरोबर बसत होतं, त्यामुळं ते बदलण्याची कुणाला गरज वाटली नाही.

मतदान झालं. चंद्रभागाबाई म्हणून गावातली सगळ्यात म्हातारी बाई खोलीतून बाहेर आली ती समाधानानं मान हलवत.

"कोनच्या बाटलीवर मारलं, बुढे?" चंद्रकलानं विचारलं.

"उभीवर."

"काहून वं? येवढं सांगून राहिलो आमी."

"तुमी काईबी सांगता," म्हातारी म्हणाली. "आडवी मंजे पेऊन संपवलेली. आमच्या घरी बुढा असाच रायचा अन् त्याच्या बाजूले बाटली अशीच रायची. उभी मंजे बुच लावलेली. मी बुच लावून आली."

चंद्रभागाबाईसारखा विचार करणाऱ्या आणखीही काहीजणी निघाल्या. तरीही आडवी बाटली जिंकली. दुकानाला कुलूप लागलं, गुलाल उडाला, वर्तमानपत्रात फोटो आला. फोटोत धुरपता मधोमध आहे आणि तिचे डोळे मिटलेले आहेत. श्रावण त्या दिवशी घरीच होता. त्यानं स्वतः चहा केला आणि तिला दिला. तिनं आयुष्यात जिंकलेली ती एकच निवडणूक, आणि तिचा आनंद आठवडाभर पुरेल एवढा होता. तेवढाच पुरला.

कारण दुकान बंद झालं होतं, दारू नाही. बावनथडीच्या पलीकडं दुसरं राज्य, तिथला दुसरा कायदा आणि नदीपासून थोडं आत तिथलं दुसरं सरकारमान्य दुकान. बेलटोल्याच्या बायकांचं मत नदीच्या मध्यापर्यंतच चालत होतं. पहिल्या हिवाळ्यात काठावरचं गवत दबलेलं दिसू लागलं. पुढच्या वर्षी वाट पांढरी पडली. जाताना माणसं घाईनं, सरळ जात. वाट घडली ती येताना. ज्यानं-त्यानं आपापल्या तोलाप्रमाणं दगड टाळला, खड्डा टाळला, झाडाला हात टेकला, आणि मागच्यानं त्याच्या पावलावर पाऊल टाकलं.

संध्याकाळी बायका नवऱ्यांना आणायला निघत. सुरुवातीला घोळकाच असायचा, गप्पा व्हायच्या. चंद्रकला म्हणायची, "आपन बम शान्या. दुकान अंगनात होतं तं अंगनातून उचलून आनत होतो. आता सहल होऊन राहिली." हळूहळू एकेक जण गळत गेली. जिची-तिची सहनशक्ती. शेवटी एकटी धुरपता उरली. नदीच्या अलीकडच्या काठावर बसायची, पलीकडून श्रावण दिसला की उठायची, त्याचा दंड धरायची. तो गोड बोलत यायचा. तिच्या हातून काही चूक झाली असावी आणि ती त्यानं माफ केली असावी, असा त्याचा सूर असायचा.

एका हिवाळ्यात जीवनच्या अंगात ताप होता म्हणून तिला निघायला उशीर झाला. ती पोचली तेव्हा श्रावण नदीत पालथा पडलेला होता. पाणी घोट्याएवढं. एवढ्या पाण्यात बकरीचं पिल्लूही बुडत नाही. दोन्हीकडचे शिपाई आले आणि बराच वेळ नुसते उभे राहिले, कारण सीमा नदीच्या मधोमध आणि श्रावणचं डोकं मध्य प्रदेशात, पाय महाराष्ट्रात. कुणी म्हणालं, मरण डोक्याकडून येतं. कुणी म्हणालं, चालत गेला तो पायांनी. शेवटी धुरपतानं आणि चंद्रकलानं त्याला ओढून अलीकडं आणलं आणि प्रश्न सोडवला.

त्यानंतर तिच्या आयुष्यात एकच काम उरलं. जीवनला त्या वाटेपासून दूर ठेवायचं.

तिनं त्याला नदीवर पोहायला जाऊ दिलं नाही. बकऱ्या राखायला पाठवलं तेही नदीच्या उलट दिशेला. तो मोठा झाला तसा तिनं त्याला तुमसरला राइस मिलमध्ये लावून दिलं, कारण तुमसर नदीपासून लांब. मिलमध्ये दिवसभर कोंड्याची धूळ खाल्लेले लोक संध्याकाळी घसा धुवायला जात, आणि नदी नसली म्हणून घसा धुवायचं काही अडत नाही, हे तिला उशिरा कळलं. जीवन घरी आला तो पिवळा होऊन. डोळे हळदीसारखे, पोट फुगलेलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, ह्याचं लिव्हर म्हाताऱ्याचं झालंय. आता एक थेंबही गेला तर माझ्याकडं आणू नका.

तिनं आणायची वेळ येऊ दिली नाही. दोन वर्षं धान निघालं, घरात आलं, आणि जीवन कोरडा राहिला. अंगावर थोडं मांस चढलं. रविवारी विहारात तो पाचही शीलं म्हणायचा. पाचव्याला धुरपताचा श्वास थांबायचा आणि ते संपलं की सुटायचा.

अशात अनुप आला. नागपूरचा मुलगा, हॉटेलचं शिकलेला, नम्र, पायांत महागडे बूट. पलीकडच्या सरकारनं तेवढ्यात मोहाच्या दारूला वारशाचा मान दिला होता, त्यामुळं कालपर्यंत जिच्या मडक्यांवर काठ्या पडत होत्या तिच्यासाठी आता काचेचे पेले येणार होते. अनुपनं पलीकडच्या काठावर तंबू ठोकले, वेळूचा छोटा पूल बांधला आणि त्या सगळ्याला 'वाइन व्हॅली' नाव दिलं.

"वाइन तं द्राक्षाची असते ना साहेब?" गावातल्या कुणीतरी विचारलं.

"दारू म्हटलं की पोलीस येतो काका," अनुप म्हणाला. "वाइन म्हटलं की पाहुणा येतो."

पाहुण्यांना नुसतं बसून पिण्यापेक्षा चालून जाऊन प्यायला आवडतं, असं त्याच्या शिक्षणात होतं. त्यानं काठाची वाट बघितली आणि थक्क झाला. पत्रक छापलं: नदीकाठची रमणीय भटकंती, मोहाच्या खोऱ्यातून, सपाट व सोपी, सर्व वयोगटांसाठी. मग तो वाट दाखवणारं माणूस शोधू लागला. पारावरच्या सगळ्यांनी एकच नाव सांगितलं.

"ह्या वाटेनं आमीबी बम चाललो साहेब," त्यातला एकजण म्हणाला, "पन आमाले काई आठवत नाई. शुद्धीवर राहून चाललेली येकच. आडवी."

धुरपतानं नाही म्हणून सांगितलं. अनुप म्हणाला, काकू, मुलालाही काम देतो. तिनं पुन्हा नाही म्हटलं. तो गेल्यावर जीवन दारात येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "माय, मी घरी बसून का करू? तुमसरले जाऊ का वापस?"

"तुमसरले नाई."

"मंग कोठी जाऊ? तू मले कोठीच जाऊ देत नाई. जिवंत हाय तं जगू तरी दे."

ती रात्रभर विचार करून उठली आणि हो म्हणाली. तिचा हिशेब साधा होता. तुमसरला तो डोळ्यांआड राहील, इथं समोर राहील. खुर्च्या मांडेल, पाणी भरेल. वाट तर आता बदनाम राहिली नव्हती, तिचं पत्रक निघालं होतं.

हिवाळ्यात पाहुणे येऊ लागले. धुरपता पुढं चालायची, अंगावर अनुपनं दिलेली नवी हिरवी साडी. काय बोलायचं तेही त्यानंच शिकवलं होतं. इथं खंड्या दिसतो. हा मोह, याला आम्ही आई मानतो. इथं हात टेका, बुंधा किती गुळगुळीत आहे बघा. बुंधा कशानं गुळगुळीत झाला ते शिकवण्यात नव्हतं, आणि तिनंही घातलं नाही. पुलाच्या मध्यावर थांबून म्हणायचं, इथं दोन राज्यं भेटतात. पाहुणे खूश होत. एक पाय इकडं, एक पाय तिकडं ठेवून फोटो काढून घेत. काहींना पाण्यात उतरून फोटो हवा असे. पाणी घोट्याएवढंच, काही भीती नाही. धुरपता त्यांच्या चपला धरून उभी राहायची.

पलीकडं तंबूपाशी जीवन असायचा. पहिले काही दिवस त्यानं खुर्च्या मांडल्या. मग अनुपच्या लक्षात आलं की मुलगा देखणा आहे आणि बापासारखं गोड बोलतो. त्याला पांढरा सदरा मिळाला आणि तो टेबलामागं उभा राहिला. आधी वास घ्या. आता जिभेवर फिरवा. बघा, शेवटी गुळाची चव येते. प्रत्येक नवी बाटली फोडली की आधी ओतणाऱ्यानं चाखायची, तोंडात फिरवायची आणि पितळी भांड्यात थुंकायची, अशी पद्धत होती. बेलटोल्यात ही बातमी पोचली तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. दारू थुंकायची असते, हे ऐकून पारावरच्या एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

धुरपतानं जीवनला त्याच दिवशी घरी विचारलं.

"थुकतो ना मी," जीवन म्हणाला.

"समदं थुकतेस?"

"समदं."

"माह्याकडं पाहून सांग."

त्यानं पाहिलं आणि सांगितलं, समदं. पुढच्या रविवारी विहारात पाचव्या शीलाला त्याला ठसका लागला.

त्यानंतर ती त्याच्या डोळ्यांवर लक्ष ठेवू लागली. सकाळी उजेडात त्याला अंगणात बोलवायची, काहीतरी काम सांगायची आणि डोळे बघायची. एके दिवशी पांढऱ्यात तिला पिवळं दिसलं. कदाचित ऊन असेल. दुसऱ्या दिवशी आभाळ होतं, तरी पिवळंच दिसलं.

ती अनुपकडं गेली. "साहेब, त्याले टेबलावरून काढा."

"काकू, पाहुण्यांना तोच आवडतो हो."

"तो थुकत नाई, गिळते. त्याचं लिव्हर गेलं हाय. मेला तं तुमच्याच तंबूत मरन."

अनुप गडबडला. तो दुष्ट नव्हता, त्याला फक्त माणूस कमी पडत होता. "मग ओतणार कोण? अशा गर्दीच्या दिवसांत मी कुठून आणू?"

धुरपतानं टेबलाकडं पाहिलं. उन्हात बाटल्या ओळीनं उभ्या होत्या.

"मी ओततो," ती म्हणाली. "त्याले वाट दाखवाले ठेवा. वाटेवर काई बाटली नाई."

अनुपला आधी पटेना, मग एकदम पटलं. हिरवी साडी नेसलेली, पांढऱ्या केसांची बाई मोहाची वाइन ओततेय. त्याला ते पत्रकावर दिसू लागलं. चाखायची अट त्यानं तिच्यापुरती काढून टाकली.

गावात जो हशा पिकला तो बरेच दिवस ओसरला नाही. आडवी उभी झाली, पोरं ओरडायची. मतदानाच्या वेळी जन्मही न झालेली पोरं. विहारातल्या मंडळींनी तिला काही म्हटलं नाही, फक्त तिच्या शेजारी बसणं सोडलं. चंद्रकला मात्र घरी आली. बराच वेळ तांदूळ निवडत बसली, स्वतःचे नसलेले.

"बोल, का बोलाचं ते," धुरपता म्हणाली.

"लोकं हसून राहिले ते सोड. लोकाईले काम नाई." चंद्रकलानं सूप बाजूला ठेवलं. "पन बाई, तू पुना दुकानच बंद केलं."

"मंजे?"

"मंजे काई नाई. बाटली त्याच्या हातातून काढली तुनं. अन् त्याले वाटेवर सोडलं."

धुरपतानं सूप पुन्हा तिच्यापुढं सरकवलं. तिला स्वतःला ते आधी कळलं नव्हतं असं नाही. पण दुसरं काय करायचं ते चंद्रकलालाही सांगता येत नव्हतं, आणि ती तांदूळ निवडून निघून गेली.

काही दिवस बरे गेले. जीवन पाहुण्यांना घेऊन यायचा, त्यांना टेबलापाशी सोडून लांब जाऊन बसायचा, आपल्या बाटलीतलं पाणी प्यायचा. धुरपता ओतायची. बोलणं तिला पाठ झालं. वास घ्या, जिभेवर फिरवा, शेवटी गुळाची चव येते. एका बाईनं विचारलं, तुम्हाला स्वतःला कोणती आवडते? धुरपता म्हणाली, सगळ्या सारख्याच. बाईला ते फार खोल वाटलं.

फाल्गुन उजाडला तसा काठावरचा मोह गळू लागला. झाडांखाली फुलांचा सडा, हवेला तो जड गोड वास. वाटेनं चालायचं म्हणजे त्या वासातून चालायचं. पाहुणे छाती भरून श्वास घेत आणि वा म्हणत. जीवन त्यांच्या पुढं असायचा, तोंडाला रुमाल लावून. धूळ असते, असं त्यानं त्यांना सांगितलं होतं.

होळीच्या आधीच्या एका दुपारी तो असाच मोठा घोळका घेऊन आला. पाहुणे टेबलाभोवती जमले, पेले फिरले, फोटो झाले. सगळ्यांचं घेऊन झालं तेव्हा जीवन टेबलापाशी आला. रुमाल त्यानं खिशात ठेवला होता. डोळे असे पिवळे होते की आता उन्हाकडं बोट दाखवता आलं नसतं.

"माय, येक दे," तो हळू म्हणाला.

"नाई."

"येकच. मंग मांगत नाई."

"तुझ्यासाठी नाई हे, जीवन. घरी चाल."

दोन पाहुण्या बायका कौतुकानं बघत होत्या. आई-मुलाचं काहीतरी गोड चाललंय असं त्यांना वाटलं असावं, कारण जीवन हसत होता. तो रागावला नाही, हात पुढं केला नाही. बापासारखंच, समोरच्याची चूक माफ केल्यासारखं हसला.

"बरं, राहू दे," तो म्हणाला.

आणि वळून वाटेनं चालू लागला. घराकडं नव्हे, पुढं. तंबूंच्या मागून वाट तशीच पुढं जाते, पलीकडच्या गावापर्यंत, त्या जुन्या दुकानापर्यंत. पत्रकात तेवढा भाग नव्हता.

"अरे, पुढंही वाट आहे का?" पाहुण्यांपैकी एका गृहस्थानं विचारलं. "तिकडं काय आहे?"

धुरपतानं हातातली बाटली टेबलावर ठेवली. ओले हात पदराला पुसले. तिचे गुडघे आता पूर्वीसारखे राहिले नव्हते, आणि जीवन झपाझप चालत होता. जाताना सगळेच झपाझप चालत. तिनं हाक मारली नाही. हाक मारून कुणी थांबत नाही, हे तिला ठाऊक होतं. ती टेबलामागून निघाली आणि त्याच्या मागं चालू लागली.

त्या गृहस्थानं आणि त्याच्या बायकोनं एकमेकांकडं पाहिलं. भटकंतीचा कार्यक्रम अजून उरला आहे असं समजून त्यांनी पेले हातात तसेच धरले, आणि तेही तिच्या मागून निघाले.